दूरस्थ मानसचिकित्सा

दूरस्थ मानसचिकित्सा : उपचारक व उपचारार्थी एका ठिकाणी उपस्थित नसताना पत्र, दूरध्वनी, दूरचित्रवाणी किंवा इंटरनेट यांपैकी एखाद्या माध्यमातून केलेल्या संवादरूप मानसोपचारास दूरस्थ मानसचिकित्सा असे म्हणतात. व्यवहारात ‘ऑनलाइन समुपदेशन’ हा शब्दप्रयोग अधिक रूढ आहे. तथापि या उपचारपद्धतीचा इतिहास इंटरनेटच्या बराच मागे जातो. प्रौढ व्यक्ती, पतिपत्नी आणि कुमारवयीन मुलेमुली अशा तीन वर्गांसाठी ती आज प्रामुख्याने वापरली जाते. चिंता, अवसाद, भीतिगंड, शोक, वैवाहिक विसंवाद यांसारख्या समस्यांत तिचा उपयोग विशेष होतो.

मानसचिकित्सेची खोली म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत. बंद दारामुळे बोलणे बाहेर जात नाही. समोर कोण बसले आहे हे उभयतांना ठाऊक असते. आणि काही विपरीत घडल्यास जाब कोणाला विचारावयाचा, हेही निश्चित असते. गोपनीयता, ओळख व उत्तरदायित्व या तीन गोष्टी खोली आपोआप पुरवीत असल्यामुळे दीर्घकाळ त्यांचा वेगळा विचार करण्याची गरज भासली नाही. प्रत्येक नव्या माध्यमाने खोलीपर्यंत पोहोचू न शकणाऱ्या माणसांना वाट करून दिली. परंतु त्याचबरोबर या तीन गोष्टींची व्यवस्था नव्याने लावणे भाग पाडले. दूरस्थ मानसचिकित्सेचा इतिहास हा बऱ्याच अंशी या व्यवस्थेचा, आणि ती जेथे लागली नाही तेथे झालेल्या हानीचा इतिहास आहे.

पूर्वपीठिका : बोलण्यातून बरे करण्याच्या आधुनिक पद्धतीचा उगम व्हिएन्नामध्ये झाला. योझेफ ब्रॉइअर (१८४२–१९२५) या वैद्याने १८८०–८२ या काळात बेर्टा पापेनहाइम (१८५९–१९३६) या तरुणीवर उपचार केले. ‘आना ओ.’ या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या या रुग्णेनेच आपल्या उपचाराला ‘टॉकिंग क्युअर’, म्हणजे बोलण्याचा उपचार, असे इंग्रजी नाव दिले. ही हकिकत ब्रॉइअर व सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) यांच्या १८९५ मधील उन्मादविषयक ग्रंथात आली आहे. पुढे फ्रॉइड यांनी विकसित केलेल्या मनोविश्लेषणात रुग्ण कोचावर पडून बोलत असे व विश्लेषक त्याच्या दृष्टीआड, डोक्यामागे बसे. दिवसाचे आठ-आठ तास इतरांनी आपल्याकडे टक लावून पाहणे आपल्याला सहन होत नाही, असे त्याचे एक कारण फ्रॉइड यांनी १९१३ मध्ये नमूद केले आहे. मुख न पाहता चाललेला संवाद, हे आजच्या दूरस्थ उपचाराचे लक्षण मानसचिकित्सेच्या आरंभापासूनच तिच्यात होते, असे यावरून म्हणता येईल.

पत्रव्यवहाराद्वारे झालेल्या उपचाराचे ठळक उदाहरणही फ्रॉइड यांचेच आहे. घोड्यांची विलक्षण भीती बाळगणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाचे विश्लेषण त्यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केले. ‘छोटा हान्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मुलाशी प्रत्यक्ष संभाषणे त्याच्या पित्यानेच केली. पिता त्यांची टिपणे फ्रॉइड यांना कळवी व त्यांच्या मार्गदर्शनानुसार पुढील संभाषण करी. या उपचाराच्या काळात फ्रॉइड मुलाला एकदाच भेटले. उपचारक दूर असेल, तर त्याच्या व मुलाच्या मध्ये घरातील वडील माणूस येतो. मग जे घडते तो मुलाचा उपचार की पित्याच्या अपेक्षांचा, हा प्रश्न या प्रकरणाच्या टीकाकारांनी पुढे अनेकदा उपस्थित केला. कुमारांच्या दूरस्थ उपचारात तो आजही तितकाच महत्त्वाचा आहे.

उपचार नव्हे, पण त्याच्या जवळची अशी एक परंपरा नियतकालिकांतील प्रश्नोत्तरांची होती. लंडनमध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीस जॉन डंटन यांनी अथीनियन मर्क्युरी हे वाचकांच्या निनावी प्रश्नांना उत्तरे देणारे पत्र चालविले. महाराष्ट्रात र. धों. कर्वे (१८८२–१९५३) यांनी १९२७ पासून मृत्यूपर्यंत चालविलेल्या समाजस्वास्थ्य या मासिकाने हे काम केले. वैद्यापुढेही ज्यांचा उच्चार करणे अशक्य, असे कामजीवनविषयक प्रश्न वाचक पत्रातून विचारीत आणि कर्वे त्यांना शास्त्रीय माहितीच्या आधारे रोखठोक उत्तरे देत. अशा उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली; तथापि निकाल कर्व्यांच्या विरुद्ध गेला. निनावी पत्राचा आडोसा मिळाला, की माणूस समोरासमोर जे बोलत नाही ते लिहू शकतो, हे या पत्रव्यवहाराने मराठी समाजापुरते सिद्ध केले. त्या आडोशाची किंमत मात्र उत्तर देणाऱ्याला भरावी लागली.

दूरध्वनी : विश्लेषकाने रुग्णाच्या अबोध मनाशी दूरध्वनीच्या ग्राहकयंत्राप्रमाणे जुळवून घ्यावे, अशी उपमा फ्रॉइड यांनी १९१२ मध्ये वापरली होती. प्रत्यक्ष दूरध्वनीचा संघटित उपयोग मात्र मनोविश्लेषकांनी नव्हे, तर एका धर्मोपदेशकाने सुरू केला. चाड व्हारा (१९११–२००७) यांना आपल्या सेवेच्या आरंभीच्या काळात, १९३५ मध्ये, एका चौदा वर्षांच्या मुलीचा दफनविधी करावा लागला होता. तिला पहिल्यांदा ऋतुस्राव झाला, तो गुप्तरोग असावा अशी तिची समजूत झाली, आणि विचारावयास कोणी नसल्यामुळे तिने आत्महत्या केली. या घटनेचा परिणाम म्हणून व्हारा यांनी २ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनमधील सेंट स्टीव्हन वॉलब्रुक या चर्चमधून आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी दूरध्वनिसेवा सुरू केली. तीच ‘समॅरिटन्स’ ही संस्था होय. व्हारा यांची भेट मिळण्याची वाट पाहत बसलेल्या लोकांशी तेथील स्वयंसेवक चहा देता देता बोलत, आणि त्यांपैकी अनेकांना नंतर व्हारा यांना भेटण्याची गरजच उरत नसे. यावरून संस्थेने उपदेशाऐवजी ऐकून घेण्यावर भर दिला व ते काम प्रशिक्षित स्वयंसेवकांकडे सोपविले.

लॉस अँजेल्स येथील आत्महत्या प्रतिबंधक केंद्र (१९५८) व सिडनीमधील ‘लाइफलाइन’ (१९६३) या सेवांनी हीच वाट पुढे नेली. भारतात चेन्नई येथे १९८६ मध्ये ‘स्नेहा’ ही संस्था स्थापन झाली. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून १९९६ मध्ये संकटग्रस्त बालकांसाठी ‘चाइल्डलाइन’ ही १०९८ क्रमांकाची सेवा उभी राहिली. या सर्व सेवा काटेकोर अर्थाने मानसचिकित्सा नव्हत्या. संकटाच्या घटकेला दिलेला आधार असे त्यांचे स्वरूप होते. परंतु केवळ आवाजाच्या आधारे विश्वासाचे नाते जुळू शकते, हे त्यांनी दाखवून दिले. ओळख न सांगण्याचा हक्क उपचारार्थीला देऊन उत्तरदायित्व संस्थेने स्वतःकडे घेतले, हा त्यांचा महत्त्वाचा वारसा होय.

दूरचित्रवाणी : पडद्यावरील मानसचिकित्सेचा पहिला मोठा प्रयोग अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात झाला. तेथील ओमाहा शहरातील मानसोपचार संस्थेत सेसिल विटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० नंतरच्या दशकात बंद मंडल दूरचित्रवाणीचा उपयोग प्रथम अध्यापनासाठी व नंतर दुहेरी संपर्क साधून समूहचिकित्सेसाठी केला. १९६४ मध्ये ही संस्था सु. १८० किमी. अंतरावरील नॉरफोक येथील राज्य मनोरुग्णालयाशी जोडली गेली. अशा रुग्णालयांत तज्ज्ञांची संख्या अपुरी असे. तज्ज्ञाने प्रवास करण्याऐवजी त्याची प्रतिमा पाठविणे, हा त्यावरील उपाय होता. बॉस्टनमध्ये मॅसॅचूसेट्स जनरल हॉस्पिटल व लोगन विमानतळ यांच्यामध्ये १९६८ मध्ये असाच दुवा जोडण्यात आला. या प्रकल्पातील मनोविकारतज्ज्ञ टॉमस ड्वायर यांनी १९७३ मध्ये आपल्या अनुभवावर लेख लिहिला. काही रुग्णांना समोरासमोर बसण्यापेक्षा पडद्यावरून बोलणे सोपे जाते, असे त्यांना आढळले. ही साधने महाग असल्यामुळे अनेक प्रकल्प सरकारी अनुदानाबरोबरच संपले. यंत्रणेच्या दोन्ही टोकांना रुग्णालये असल्यामुळे गोपनीयतेचा व उत्तरदायित्वाचा प्रश्न मात्र या टप्प्यात फारसा उद्‌भवला नाही.

संगणक : १९६६ मध्ये मॅसॅचूसेट्स तंत्रविज्ञान संस्थेतील जोसेफ वायझेनबाउम (१९२३–२००८) यांनी ‘एलायझा’ या नावाचा संगणकीय कार्यक्रम प्रसिद्ध केला. त्याची ‘डॉक्टर’ ही संहिता कार्ल रॉजर्स यांच्या परंपरेतील चिकित्सकाची नक्कल करी. वापरणाऱ्याच्या वाक्यातील शब्द उचलून त्यांचाच प्रश्न करून परत विचारणे, एवढीच तिची करामत होती. या कार्यक्रमाला काहीही समजत नाही हे ठाऊक असूनही माणसे त्याच्याशी मोकळेपणाने बोलू लागली. वायझेनबाउम यांच्या सचिव महिलेने तर त्याच्याशी बोलताना त्यांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. याच सुमारास मनोविकारतज्ज्ञ केनेथ कोल्बी (१९२०–२००१) यांनी अशा कार्यक्रमांमुळे एकाच वेळी असंख्य रुग्णांवर उपचार करता येतील, अशी आशा व्यक्त केली होती. वायझेनबाउम यांना मात्र ती धोक्याची खूण वाटली. माणसाला समजून घेण्याची जबाबदारी यंत्राकडे सोपविणे नैतिक दृष्ट्या गैर आहे, अशी भूमिका त्यांनी १९७६ मधील आपल्या ग्रंथात मांडली. हा वाद त्यानंतर कधीच मिटला नाही.

संगणकीय जाळ्यावर माणसाने माणसाला दिलेल्या समुपदेशनाचा आरंभ विद्यापीठांतून झाला. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने १९८६ मध्ये ‘अंकल एझ्रा’ ही सेवा सुरू केली. विद्यार्थी तीत निनावी प्रश्न विचारीत व विद्यापीठातील समुपदेशक त्यांना उत्तरे देत. प्रश्न व उत्तर सर्वांना वाचता येत असल्यामुळे एकाचा संकोच अनेकांच्या उपयोगी पडे. समॅरिटन्स संस्थेने १९९४ मध्ये ई-मेलद्वारे सेवा देण्यास आरंभ केला. १९९५ च्या सुमारास काही चिकित्सक शुल्क आकारून एकाच व्यक्तीशी दीर्घकाळ लेखी संवाद करू लागले. १९९७ मध्ये या क्षेत्राची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली.

लेखी उपचाराची शास्त्रशुद्ध आखणी नेदर्लंड्समध्ये आल्फ्रेड लांगे यांनी केली. आघातजन्य ताणाने ग्रस्त झालेल्यांनी ठरावीक क्रमाने आपले अनुभव लिहावेत व चिकित्सकाने त्यांवर लेखी मार्गदर्शन करावे, अशी त्यांची पद्धत होती. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय विद्यापीठात २००१ मध्ये ‘मूडजिम’ हा स्वयंअध्ययनाचा कार्यक्रम तयार झाला. या कार्यक्रमाचा पाया ॲरन बेक (१९२१–२०२१) यांच्या बोधात्मक उपचारपद्धतीचा होता. चुकीच्या विचारसवयी ओळखणे व गृहपाठाच्या साह्याने त्या बदलणे, असे या पद्धतीचे स्वरूप पाठासारखे असल्याने ती संगणकावर आणणे सोपे गेले. इंग्लंड व वेल्समधील राष्ट्रीय आरोग्यसेवेला सल्ला देणाऱ्या संस्थेने २००६ मध्ये अशा दोन संगणकीय कार्यक्रमांची शिफारस केली.

परिणामकारकता : दूरस्थ उपचाराविषयीचे संशोधन विपुल असून त्याचे निष्कर्ष एका वाक्यात मांडण्यासारखे नाहीत. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील संशोधकांनी २००९ मध्ये अवसादाच्या २९७ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी एका गटास चिकित्सकाशी टंकलिखित संवादाची तत्काळ सोय मिळाली, तर दुसरा गट प्रतीक्षायादीवर राहून नेहमीचे वैद्यकीय उपचार घेत होता. चार महिन्यांनंतर पहिल्या गटातील ३८ टक्के, तर दुसऱ्या गटातील २४ टक्के रुग्ण बरे झाले होते. २०१२ मध्ये शिकागो येथील ३२५ रुग्णांच्या अभ्यासात दूरध्वनीवरील व प्रत्यक्ष उपचारांची तुलना करण्यात आली. दूरध्वनीवरील उपचार मध्येच सोडणाऱ्यांचे प्रमाण सु. २१ टक्के, तर प्रत्यक्ष उपचारातील सु. ३३ टक्के होते. उपचार संपतेवेळी दोन्ही गटांची स्थिती तुल्य होती. सहा महिन्यांनी मात्र प्रत्यक्ष उपचार घेतलेल्यांची स्थिती अधिक चांगली आढळली. अंतरामुळे प्रवेश सुलभ होतो व गळती कमी होते. टिकाऊपणाबाबत मात्र खोलीचे पारडे जड असू शकते, असे यावरून दिसते.

माणसाचा सहभाग वगळल्यास काय होते, हे २०१५ मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ६९१ रुग्णांच्या चाचणीतून स्पष्ट झाले. नेहमीच्या वैद्यकीय उपचारांना संगणकीय कार्यक्रमाची जोड दिल्याने अवसादात विशेष भर पडेल अशी सुधारणा झाली नाही. बहुसंख्य रुग्णांनी कार्यक्रम अर्धवट सोडले. कार्यक्रमातील मजकूर तोच असला, तरी तो आपल्यासाठी कोणीतरी वाचीत आहे, आपली वाट पाहत आहे, ही जाणीव उपचाराचा भाग असते. एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या ‘उपचारसख्य’ या कल्पनेला, म्हणजे उद्दिष्ट, कार्य व स्नेहबंध यांविषयीच्या उभयतांच्या एकमताला, यामुळे नवे महत्त्व आले.

पडद्याआड माणूस अधिक मोकळा होतो, या गोष्टीचे विवेचन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन सूलर यांनी २००४ मध्ये केले. अनामिकता, अदृश्यता व उत्तर येण्यातील विलंब यांमुळे संकोच सुटतो. त्यामुळे जसे दडवलेले दुःख बाहेर येते, तसाच अनावर रागही बाहेर येतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. चिकित्सकाला मुद्रा, हातांची चाळवाचाळव, मद्याचा वास, वजनातील घट यांसारख्या खुणा दूरून कळत नाहीत. विशेषतः आत्महत्येचा धोका असेल, तर उपचारार्थी या क्षणी कोठे आहे व त्याच्याजवळ कोण आहे, हे आधी विचारून ठेवणे अपरिहार्य ठरते.

दांपत्य आणि कुमार : वैवाहिक समुपदेशनात दूरस्थ माध्यमाची उपयुक्तता व मर्यादा दोन्ही ठळकपणे दिसतात. नोकरीनिमित्त वेगवेगळ्या शहरांत किंवा देशांत राहणारे पतिपत्नी एरवी एका चिकित्सकापुढे येऊच शकत नाहीत. पडद्यावर ते एकत्र येतात. अमेरिकेत ब्रायन डॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३०० जोडप्यांवर घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. इंटरनेटवरील कार्यक्रम व त्याला प्रशिक्षित व्यक्तीच्या मोजक्या दूरध्वनींची जोड, अशा या उपक्रमामुळे वैवाहिक समाधान वाढल्याचे दिसून आले. परंतु ज्या घरात मारहाण वा धाकदपटशा आहे, तेथे घरूनच होणारे समुपदेशन धोक्याचे ठरते. दवाखान्यात चिकित्सक पतिपत्नींना वेगवेगळे भेटू शकतो. पडद्यावर मात्र कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर कोण उभे आहे, हे त्याला दिसत नाही. २०२० मध्ये कोव्हिड-१९ च्या टाळेबंदीत भारताच्या राष्ट्रीय महिला आयोगाला तक्रारींसाठी व्हॉट्सॲप क्रमांक जाहीर करावा लागला. ज्या स्त्रीला घरात बोलता येत नाही, तिला निदान लिहिता यावे, हा त्यामागील हेतू होता. जी खोली सुरक्षित नाही, तेथे आवाजापेक्षा अक्षर अधिक सुरक्षित असते.

कुमारवयीनांच्या बाबतीत गोपनीयतेचा प्रश्न कायद्याशी जाऊन भिडतो. मुले लेखी संवादास सहज तयार होतात. ब्रिटनमध्ये १९८६ पासून दूरध्वनीवर चालणाऱ्या बालसेवेने २००९ मध्ये इंटरनेटवरील संवादाचीही सोय केली. परंतु मुलाची तक्रार बहुधा घराविषयीच असते आणि उपचारास संमती देणारे पालकही त्याच घरातील असतात. भारताच्या २०२० मधील दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनुसार अज्ञान व्यक्तीने प्रौढ व्यक्तीसमवेतच वैद्याचा सल्ला घ्यावयाचा असतो व त्या प्रौढाची ओळख पटविणे आवश्यक असते. मुलाच्या रक्षणासाठी हा नियम योग्य आहे. परंतु व्हारा यांच्या आठवणीतील त्या चौदा वर्षांच्या मुलीसारख्या, घरात विचारता न येणाऱ्या मुलांसाठी तो दार बंदही करतो. म्हणूनच ओळख न विचारणाऱ्या साहाय्यसेवांची गरज कायम राहते. मुलाच्या जिवाला धोका असल्यास गुप्तता मोडावी लागेल, हे त्याला आरंभीच सांगणे, ही समुपदेशकांमध्ये सर्वमान्य झालेली रीत होय.

व्यापारीकरण व गोपनीयताभंग : २०१२ नंतर अमेरिकेत ‘टॉकस्पेस’ (२०१२) व ‘बेटरहेल्प’ (२०१३) यांसारख्या मोठ्या कंपन्या उदयास आल्या. ठरावीक वर्गणी भरून परवानाधारक चिकित्सकाशी संदेश, आवाज किंवा चित्र यांद्वारे संवाद साधता येऊ लागला. बेटरहेल्प कंपनीने दांपत्ये व कुमार यांच्यासाठी वेगळ्या नावांनी सेवा काढल्या. खोलीचा मालक येथे प्रथमच चिकित्सक किंवा रुग्णालय न राहता तिसरा पक्ष झाला. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने या कंपनीविरुद्ध कारवाई जाहीर केली. गोपनीयतेचे आश्वासन देऊनही ग्राहकांचे ई-मेल पत्ते व आरोग्यविषयक प्रश्नावलीतील माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट इ. कंपन्यांना पुरविल्याचा आरोप आयोगाने केला. कंपनीने गैरकृत्य मान्य केले नाही. तथापि ७८ लाख डॉलर देण्याच्या व माहितीचा असा वापर थांबविण्याच्या आदेशास मान्यता दिली.

याहून भीषण घटना फिनलंडमध्ये घडली. ‘वास्तामो’ या खाजगी मानसचिकित्सा कंपनीच्या संगणकातून सु. ३३,००० रुग्णांची माहिती चोरीस गेली व ऑक्टोबर २०२० मध्ये रुग्णांना खंडणीचे संदेश येऊ लागले. पैसे न दिल्यास चिकित्सकाने केलेल्या नोंदी प्रसिद्ध करण्याची धमकी त्यांत होती. काही नोंदी प्रसिद्ध करण्यातही आल्या. पुढील वर्षी कंपनी दिवाळखोरीत निघाली. उल्लेखनीय बाब अशी, की कंपनीचे रुग्ण मुख्यतः दवाखान्यात येऊन उपचार घेणारे होते. बोलणे खोलीत झाले, तरी त्याची नोंद जाळ्यावर असेल, तर खोलीची भिंत पुरेशी ठरत नाही, हे यावरून स्पष्ट झाले.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रसाराने एलायझाच्या वेळचा वाद पुन्हा उद्‌भवला. संभाषण करणारे कार्यक्रम २०२२ च्या अखेरीपासून सर्वसामान्यांच्या हाती आले आणि अनेक जण, विशेषतः तरुण, त्यांच्यापाशी मन मोकळे करू लागले. अमेरिकेतील इलिनॉय राज्याने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून परवानाधारक माणसाशिवाय केवळ यंत्राने मानसचिकित्सा देण्यास मनाई केली. यंत्र चांगले उत्तर देते किंवा नाही, यापेक्षा चुकीच्या उत्तराला कोण जबाबदार, हा या कायद्यामागील खरा प्रश्न आहे.

भारतातील स्थिती : बंगलोरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने (निम्हान्स) २०१५–१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या सर्वेक्षणानुसार प्रौढांपैकी १०·६ टक्के व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता. निरनिराळ्या विकारांत उपचार न मिळणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के होते. महाराष्ट्राचा समावेश त्या बारा राज्यांत नव्हता. तज्ज्ञ मुख्यतः शहरांत एकवटलेले असल्यामुळे दूरस्थ उपचार ही येथे सोय नसून गरज ठरते. चेन्नईच्या स्किझोफ्रीनिया संशोधन प्रतिष्ठानाने २०१० मध्ये तमिळनाडूच्या पुदुकोट्टै जिल्ह्यात फिरत्या बसमधून दूरस्थ मानसोपचार सुरू केला. रुग्ण बसमध्ये बसून चेन्नईतील डॉक्टरांशी बोलत व औषधे तेथेच मिळत. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ मध्ये ‘आयकॉल’ ही दूरध्वनी व ई-मेलद्वारे समुपदेशन देणारी सेवा सुरू केली. प्रशिक्षित समुपदेशक हे तिचे वैशिष्ट्य होय.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अंमलात आला. या कायद्याने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीस गोपनीयतेचा हक्क दिला. २५ मार्च २०२० रोजी, देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. तोपर्यंत दूरून सल्ला देणाऱ्या वैद्याची कायदेशीर स्थिती संदिग्ध होती. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने ‘टेलि-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची, दिवसरात्र चालणारी विनामूल्य सेवा सुरू केली. मराठीसह अनेक भारतीय भाषांत ती उपलब्ध असून निम्हान्स ही तिची मध्यवर्ती संस्था आहे. २०२५ च्या मध्यापर्यंत तिच्याकडे २० लाखांहून अधिक दूरध्वनी आले होते.

वरील तत्त्वे नोंदणीकृत वैद्यांना लागू होतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे होते. इतर समुपदेशकांना मात्र दीर्घकाळ कोणतीही वैधानिक नोंदणी नव्हती. संलग्न आरोग्यव्यवसायांविषयीच्या २०२१ च्या कायद्याने त्यांचा विचार प्रथमच केला. आपल्याशी बोलणाऱ्याची पात्रता काय, हे विचारण्याचे काम त्यामुळे बहुधा उपचारार्थीवरच पडत आले आहे.

भाषेचा लाभ हा दूरस्थ उपचाराचा भारतीय संदर्भातील मोठा विशेष होय. परप्रांतात किंवा परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाला आपले दुःख मातृभाषेत सांगता येते. ‘जीव घाबराघुबरा होणे’, ‘मन खाणे’, ‘छातीत धडधडणे’ यांसारख्या प्रयोगांतून व्यक्त होणाऱ्या छटा परभाषेत बऱ्याचदा हरवतात. मात्र देशांच्या सीमा ओलांडताना परवान्याचा प्रश्न येतो. अनेक देशांत व अमेरिकेच्या निरनिराळ्या राज्यांत, उपचारार्थी जेथे बसला आहे तेथील परवाना चिकित्सकाजवळ असणे आवश्यक असते.

समालोचन : जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये १३० देशांची पाहणी केली. मानसिक आरोग्यसेवेत खंड पडल्यावर ७० टक्के देशांनी दूरस्थ सेवेचा अवलंब केल्याचे तीत आढळले. उच्च उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक, तर अल्प उत्पन्नाच्या देशांत ५० टक्क्यांहून कमी होते. ज्यांना या सेवेची सर्वाधिक निकड, त्यांच्यापर्यंत ती सर्वांत कमी पोहोचते, असा याचा अर्थ होतो. एकाच भ्रमणध्वनीवर सारे कुटुंब अवलंबून असेल आणि घरात स्वतंत्र खोली नसेल, तर उत्तम यंत्रणाही निरुपयोगी ठरते. ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, शाळेत किंवा ग्रंथालयात दार लावून अर्धा तास बोलता येईल अशी जागा उपलब्ध होते, तेथे दूरस्थ मानसचिकित्सेचा लाभ स्त्रिया व कुमार यांच्यापर्यंत अधिक प्रमाणात पोहोचू शकतो. अंतर नाहीसे करणाऱ्या या उपचारालाही उपचारार्थीच्या बाजूने एका बंद दाराची आवश्यकता असते.